नंतर सांगणारा माणूस

प्राध्यापकांच्या बुद्धीबद्दल कधी कोणी शंका घेतली नाही. शंका घ्यायचीच तर उरलेल्या माणसाबद्दल घ्यावी. पण विद्यापीठात उरलेल्या माणसाला गुण द्यायची पद्धत नाही, त्यामुळे त्यांचं सगळं सुरळीत चाललं.

घरात त्यांना बाळ्या म्हणत. अजूनही म्हणतात, म्हणजे त्यांची ताई म्हणते. डोक्यावर केस उरले नाहीत म्हणून हाक बदलावी असं तिला वाटलेलं नाही. बाळ्याला लहानपणापासून दुसऱ्याची चूक चटकन दिसायची, तांदळात खडा दिसावा तशी. इथवर ठीक. पण खडा दिसला की माणूस तो उचलून टाकतो. बाळ्या तो शिजू द्यायचा, वाढू द्यायचा, कोणाच्या तरी दाताखाली कचकन येऊ द्यायचा, आणि मग म्हणायचा, "मला मघाशीच दिसला होता."

ताई त्याच्या दोन इयत्ता पुढे. शेवटच्या परीक्षेआधी ती गणितं सोडवून वही टेबलावर ठेवायची आणि हा ती चाळायचा. एक सूत्र ती उलटं वापरत होती, प्रत्येक ठिकाणी. याला दिसलं. बोलला नाही. निकाल लागला, ताईची शिष्यवृत्ती हुकली, ती भिंतीकडे तोंड करून बसली, तेव्हा हा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तू ते सूत्र उलटं वापरत होतीस. मला माहीत होतं."

"मग आधी का नाही बोललास रे?"

"तू विचारलं नाहीस."

ताईने असा धपाटा घातला की आवाज ऐकून वडील धावत आले. आणि आल्यावर त्यांनी काय केलं? पोराला दोन इयत्ता पुढचं गणित कळतं, हे शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं. असल्या गुणांना खतपाणी हे असं घरातूनच मिळतं.

ताई पुढे टेलिफोन खात्यात चिकटली. कानाला यंत्र लावून तिने उभं आयुष्य गावभरच्या लोकांशी बोलण्यात काढलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, निवृत्त झाल्यावर भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायला आली. आश्रित म्हणून नव्हे, स्वतःच्या पेन्शनवर. हे ती आल्यागेल्याला सांगते, कोणी विचारलं नसलं तरी.

आणि बाळ्याचे प्राध्यापक झाले. विषय, संगणकाच्या प्रोग्रॅमची विश्वासार्हता. नाव भारदस्त आहे म्हणून दबून जायचं कारण नाही. एखाद्या प्रोग्रॅममध्ये आजवर किती दोष निघाले ते मोजायचं, त्यांची कमान कागदावर काढायची, ती कमान पुढे ओढायची आणि जाहीर करायचं की अजून अमुक इतके दोष आत आहेत. कुठे आहेत, ते विचारायचं नाही. म्हणजे डॉक्टरने नाडी बघून म्हणावं, "तुम्हाला अजून साडेतीन रोग आहेत, कुठले ते देवाला ठाऊक," आणि फी घ्यावी. या साडेतीन रोगांवर प्राध्यापकांनी डॉक्टरेट मिळवली, नोकरी मिळवली, परदेशच्या परिषदांमध्ये गळ्यात बिल्ला अडकवून कॉफी प्यायली. त्यांच्या सूत्राने एखादा प्रोग्रॅम सुधारला असं मात्र कुणाच्या ऐकिवात नाही.

मग वारं फिरलं. विश्वासार्हतेला कोणी विचारेना, जो तो सुरक्षा सुरक्षा करायला लागला. प्राध्यापकांनी सुट्टीत दारावरची पाटी उतरवली आणि 'विश्वासार्हता'पुढे 'आणि सुरक्षा' असं लिहून घेतलं. आत फारसं काही बदललं नाही. आधी ज्याला दोष म्हणत त्याला आता छिद्र म्हणायचं, एवढंच. विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव छिद्रान्वेषी ठेवलं. त्यांच्या कानावर ते आलं, आणि गंमत अशी की त्यांना ते आवडलं.

त्यांची खोली सायकली लावायच्या जागेच्या वर. पाहुण्यांसाठी एकच खुर्ची, आणि तिच्यावर कायम नियतकालिकांचा ढीग, म्हणजे येणाऱ्याने उभ्याउभ्या बोलावं आणि जावं. सकाळी आल्यावर पहिलं काम, जगात कोणी कोणी आपल्या पेपरांचा हवाला दिला ते बघणं. निम्मे हवाले त्यांचे त्यांनीच दिलेले असत. तरी बघायचे. आरशात बघतोच की माणूस.

अशा माणसाला एकच गोष्ट खुपत होती. विभागातली वरिष्ठ प्राध्यापकाची जागा दोनदा त्यांना हुलकावणी देऊन गेली होती. आता ती पुन्हा रिकामी होत होती आणि निवृत्तीआधीची ही शेवटचीच वेळ. समोरच्या खोलीतला गृहस्थही त्या जागेवर डोळा ठेवून होता. मोठ्याने हसणारा, विद्यार्थ्यांबरोबर पायरीवर बसून डबा खाणारा. प्राध्यापकांच्या मते उथळ. विभागप्रमुखांनी प्राध्यापकांना बाजूला घेऊन सांगितलं, "तुमची सगळी कामं जुनी झाली हो. या वर्षी मोठ्या परिषदेत एक खणखणीत पेपर लागू द्या, मग मी तुमच्यासाठी भांडतो."

खणखणीत पेपर कुठून आणायचा? तो त्यांना घरातच मिळाला, ताईच्या खणात.

ताईला मधुमेह. कमरेला इन्सुलिनचा पंप, काड्यापेटीच्या दीडपट आकाराचा, आणि हातात किल्लीच्या जुडग्याएवढा रिमोट. खायला बसलं की रिमोटचं बटण दाबायचं, पंप डोस देतो. तसाच नवा पंप मिळाल्यावर जुना खणात पडून होता. तो प्राध्यापकांनी प्रयोगशाळेत नेला, त्याच बनावटीचा आणखी एक मिळवला आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवून खोदायला बसले. इथे खरं ते सांगायला हवं. त्या काळात त्यांनी मान मोडून काम केलं. चहा गार व्हायचा, हवाले बघायचे राहून जायचे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी उरलेल्या दोषांची संख्या सांगितली नाही, एक दोष प्रत्यक्ष हातात धरला.

दोष असा होता. पंपातला सेल बदलला की आपला रिमोट कुठला, हे पंप विसरायचा. मग जो पहिला रिमोट जवळपास बोलेल त्याला आपला मालक मानायचा. कोण तू, कुठला, काही विचारणं नाही. बाजूला बसलेल्या परक्या माणसाने आपल्या पंपासाठी बटण दाबलं तरी डोस याच्याही पोटात.

आता या क्षेत्रातली रीत अशी आहे, आणि प्राध्यापक ती दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहून देतात, की छिद्र सापडलं तर आधी बनवणाऱ्याला गुपचूप कळवायचं, त्याला ते बुजवायला अवधी द्यायचा आणि मगच जगाला सांगायचं. पण कळवलं की कंपनी सूचना काढणार. सूचना निघाली की छिद्र शिळं झालं. शिळ्या छिद्रावर परिषदेत टाळ्या मिळत नाहीत. पेपर स्वीकारला जाईपर्यंत कित्येक महिने जाणार होते. प्राध्यापकांनी विचार केला आणि ठरवलं: स्वीकारल्यावर कळवू. महिने काय, बघता बघता जातात.

ताई दर पंधरवड्याला मधुमेहाच्या दवाखान्यात जायची. भिंतीला लावलेल्या बाकांवर सगळे गुडघ्याला गुडघा लावून बसत, आणि बहुतेकांच्या कमरेला हाच पंप, कारण डॉक्टर हाच लिहून देत. सेल बदलायचं कामही तिथेच, आलेल्या माणसाचा पंप बघून नर्स आधी सेल बदलायची. ताईची तिथली मैत्रीण म्हणजे शिवणवाली. कोपऱ्यावर कपडे शिवायचं दुकान, तोंडात कायम टाचणी असल्यासारखी ओठ मिटून बोलणारी.

एके दिवशी ताई दवाखान्यातून परतली ती पांढरीफटक.

"बाळ्या, आज शिवणवाली गेलीच होती रे! माझ्या शेजारी बसली होती. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून खाल्लं नव्हतं काही. आणि बघता बघता घामाने निथळली, जीभ लुळी, डोळे वर. नर्सने साखरेचं पाणी पाजलं म्हणून वाचली. डॉक्टर तिलाच ओरडले, म्हणे बटण तुम्हीच दाबलं असणार, लक्षात नाही राहिलं. ती शपथेवर सांगतेय मी हात लावला नाही. कोण ऐकतंय! मुलाने रिमोट काढून घेतला तिचा. दुकान बंद कर म्हणतोय, तुझं डोकं आता जाग्यावर नाही म्हणतोय."

प्राध्यापक एकदम खुर्चीत पुढे सरकले. "तिचा सेल बदलला होता?"

"हो, आल्या आल्या."

"आणि तू बटण कधी दाबलंस?"

"माझं रक्त देऊन झालं होतं, मी बिस्किटं काढली. तेव्हा. का रे?"

"काही नाही. असंच."

असंच! बहिणीच्या अंगठ्याखाली तिची मैत्रीण मरता मरता वाचली, हे त्या क्षणी जगात एकट्या या माणसाला कळलं होतं. आणि त्याला काय वाटलं असेल? आनंद झाला. आतापर्यंत पेपरात फक्त टेबलावरचे पंप होते, आता एक जिवंत माणूस मिळालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपरात एक परिच्छेद घातला: अमुक महिन्यात एका रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात एका ज्येष्ठ महिलेवर हा प्रसंग प्रत्यक्ष ओढवला. वाक्य फार वजनदार झालं असं त्यांना वाटलं. पेपर पाठवून दिला.

मग मात्र रक्त थोडं तरी बोललं. ते ताईच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. "ताई, यापुढे सेल दवाखान्यात बदलू नकोस. घरी बदल. दार लावून, आसपास कोणी नसताना. आणि बदलल्यावर लगेच तुझंच बटण एकदा दाब, नुसतं चाचणीचं."

"का?"

"सांगतो ते ऐक."

"शिवणवालीला जे झालं, त्याचा याच्याशी काही संबंध आहे?"

"मी असं म्हटलेलं नाही."

"नाहीच म्हटलंस," ताई म्हणाली. "तू कधीच म्हणत नाहीस."

स्वयंपाकघरातून त्यांची बायको हे ऐकत होती. तिने आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला होता; नकाशात न दाखवलेली नदी कुठे असणार ते तिला कळतं. जेवणं झाल्यावर तिने ताटं तशीच ठेवली.

"अहो, कंपनीला कळवलंत?"

"कळवणार आहे. पेपर स्वीकारला की."

"आणि तोवर?"

"तोवर शक्यता फार कमी आहे. मी गणित मांडलंय."

"शिवणवालीने नव्हतं मांडलं वाटतं. म्हणून पडली बिचारी."

"तुला यातलं कळत नाही. या क्षेत्राची एक रीत असते."

"रीत आधी कळवायची ना? मागच्या वर्षी भाषणात तुम्हीच म्हणालात. मी पहिल्या रांगेत होते, जांभया आवरत."

"आधी कळवायचं. पण किती आधी, असं काही ठरलेलं नाही."

बायकोने ताटं उचलली. "धन्य," म्हणाली. "एवढं डोकं देवाने एखाद्या चांगल्या माणसाला दिलं असतं तर!"

प्राध्यापकांची अडचण निराळीच होती. ताईला 'कोणाला सांगू नकोस' असं बजावावं, असं दहादा मनात आलं. पण बजावलं तर ती का म्हणून विचारणार, आणि का ते सांगितलं तर गावाला सांगितल्यासारखंच. म्हणून ते गप्प राहिले. आयुष्यभर गप्प राहून फायदाच झाला होता. यावेळी का नाही होणार?

पुढच्या पंधरवड्याला ताई दवाखान्यात गेली ती बाकावर बसलीच नाही. मधोमध उभी राहिली आणि टेलिफोन खात्यातला तो खणखणीत आवाज लावला. "ऐका सगळ्यांनी. इथे कोणी सेल बदलून घ्यायचा नाही. माझा भाऊ या यंत्रांचा प्रोफेसर आहे. त्याने मला सांगितलंय, घरी बदल, दार लावून, माणसं नसताना. का ते सांगत नाही. तो सांगत नाही म्हणजे काहीतरी मोठंच आहे, मी त्याला लहानपणापासून ओळखते."

नर्स चवताळली. "आजी, घबराट पसरवू नका!"

"आजी कोणाला म्हणतेस गं? आणि घबराट कशाची? सेल ठेव ट्रेमध्ये आणि डॉक्टरांना बोलाव."

सगळ्या बाकाने पंप झाकून धरले. डॉक्टर आले, हसले, समजूत घातली, शेवटी चिडले. एकही माणूस बधलं नाही. तिथून ताई घरी आली आणि पंपाच्या डब्यावरच्या तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडच्याला वाटलं असेल, म्हातारी आहे, वाजवून ठेवू संगीत, कंटाळेल. ताईने असली संगीतं स्वतः लोकांना ऐकवली होती. ती विणकाम घेऊन बसली. संगीत संपलं की "हं, बोला" म्हणायची. अखेर कोणीतरी पंप बनवणारा खरा माणूस फोनवर आला. त्याला तिने शिवणवालीचं सगळं सांगितलं, आपली बिस्किटं, आपलं बटण, नव्याने घातलेला सेल, जसं घडलं त्या क्रमाने. त्या माणसाने तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाला, "बाई, तुमचा नंबर द्या."

थोड्याच दिवसांत कंपनीने सगळ्या दवाखान्यांना सूचना पाठवली: सेल एकांतात बदला, सुधारलेले पंप फुकट बदलून मिळतील. तळाशी एक ओळ होती, हा दोष एका ज्येष्ठ महिला रुग्णाच्या चिकाटीमुळे लक्षात आला. शिवणवालीच्या मुलाने तो कागद वाचला, रिमोट आईच्या हातात ठेवला आणि खाली मान घालून दुकानाचं शटर स्वतः उघडून दिलं. तिने त्याला आठवडाभर बटणं लावायला बसवलं.

प्राध्यापक ताईच्या खोलीत शिरले तेव्हा ओरडायचं की रडायचं, हे त्यांचं ठरलं नव्हतं. "तू हे गावभर का केलंस?"

"तू नको म्हणाला नव्हतास," ताई म्हणाली आणि टाका मोजत राहिली.

परिषदेचं उत्तर आलं. परीक्षकांनी लिहिलं होतं, दोष आता जाहीर झालेला आहे, तो एका रुग्णाने आधी कळवलेला आहे, यात नवं काय? इतकंच असतं तर प्राध्यापक रडून मोकळे झाले असते. पण पुढे होतं: आपणच लिहिता की अमुक महिन्यात एका महिलेच्या जिवावर बेतलं, म्हणजे तेव्हा आपल्याला हे माहीत होतं. आपण कंपनीला केव्हा कळवलं, ते कळावं. आणि त्याची प्रत विभागप्रमुखांना. तो वजनदार परिच्छेद त्यांच्याच पायावर पडला होता. असली चूक अडाणी माणूस करत नाही. त्याला आपलं पाप तळटीपांसकट छापायची हौस नसते.

विभागप्रमुख भला माणूस. भांडण टाळायचं असलं की भली माणसं पळवाट शोधतात, तशी त्याने शोधली. "तुमच्या बहिणीला तुम्हीच सावध केलंत ना? म्हणजे रुग्णाला कळवलंत. रुग्णाने कंपनीला कळवलं. म्हणजे फिरून का होईना, तुम्हीच कळवलंत! मी उद्या त्यांना फोन करतो. त्या तसं म्हणाल्या की समितीपुढे तुमचं नाव ठेवायला मी मोकळा."

प्राध्यापक घरी आले ते जवळजवळ उड्या मारत. ताई खिडकीशी बसली होती. तिच्यासमोर ते स्टूल ओढून बसले. शाळेनंतर पहिल्यांदाच तिच्यासमोर असे बसले असतील.

"ताई, उद्या आमचे प्रमुख तुला फोन करतील. तू एवढंच सांगायचं, की बाळ्याने मला दोष समजावून सांगितला आणि कंपनीला कळव म्हणाला."

"असं म्हणालास तू?"

"म्हणजे... अर्थ तोच होता ना. मी तुला सावध केलं. माझं नाव बुडतंय गं! शेवटची संधी आहे. तुझं एक वाक्य."

ताईने विणकाम मांडीवर ठेवलं. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"ऐक, बाळ्या. उद्या मी काय सांगणार ते तुला आजच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून म्हणायला नको. मी सांगणार, की माझी मैत्रीण पडली ते मी याला सांगितलं. याने मला विचारलं, सेल बदलला होता का, बटण कधी दाबलं. मग मला म्हणाला, तू दार लावून बदल. तिचं नाव काढलं नाही. बाकावरच्या कोणाचं नाव काढलं नाही. तिला वेडी ठरवलं, दुकान बंद करायला निघाले, तरी हा गप्प. एवढं सांगणार. जास्त नाही, कमी नाही."

"मी तुझा भाऊ आहे!"

"म्हणून तर आधी सांगतेय."

स्वयंपाकघरात बायकोने भांडी वाजवणं थांबवलं होतं. प्राध्यापक उठले, बाहेरच्या खोलीत गेले आणि त्यांनी प्रमुखांना फोन लावून सांगितलं की त्या जागेसाठीचं नाव ते मागे घेत आहेत. प्रकृती साथ देत नाही. बहिणीला फोन करायची तसदी घेऊ नये. प्रमुखांनी सुटकेचा निःश्वास टाकला तो स्वयंपाकघरात बायकोलाही ऐकू गेला असेल.

जागा समोरच्या खोलीतल्या गृहस्थाला मिळाली. प्राध्यापकांनी पेढे... छे, कसलं काय, त्यांनी अभिनंदनसुद्धा चिठ्ठी पाठवून केलं. हल्ली ते तरुण अध्यापकांना सांगतात, की तत्त्वाचा प्रश्न होता, म्हणून मी बाजूला झालो. तरुण अध्यापक माना डोलावतात. त्यांना बढत्या हव्या आहेत. पहिल्या तासाला फळ्यावर ती रीत ते अजूनही लिहितात. आधी बनवणाऱ्याला कळवावे. अक्षर सुंदर आहे.

ताई मात्र त्यांनी नाव मागे घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोनजवळ बसली होती, साडी बदलून, चष्मा पुसून. दुपार झाली तरी फोन वाजला नाही. तेव्हा तिने आत ओरडून विचारलं, "बाळ्या, तुझे ते प्रमुख करणार होते ना फोन?"

"नाही करणार आता."

"मग मघाशीच सांगायचंस की! मी सकाळपासून उपाशी बसलेय."